‘मारा’ या शब्दाबद्दल

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी दुभाषी नव्हते. आता इथे परदेशात, क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीचं दार लावून फोनवर हिंदीचं इंग्रजी करते. दूरच्या एका देशात निर्वासित म्हणून संरक्षणाचा व्हिसा मागणाऱ्यांच्या सुनावण्या असतात, त्यांच्यासाठी. तुमचे जावई वर्षातले सात-आठ महिने बोटीवर नोकरीला, मुलगी कॉलेजात. दिवसभरात मी जे बोलते ते बहुतेक दुसऱ्यांचंच असतं.

एका सुनावणीत एक बाई म्हणाली, “उन्होंने मेरे भाई को मारा.” मी इंग्रजीत सांगितलं, त्यांनी भावाला ठार मारलं. बडवलं की जीव घेतला, हे विचारावंसं क्षणभर वाटलं होतं, पण अधिकारी घाईत होते. तासाभराने ती म्हणाली की भाऊ हल्ली मामाकडे असतो. मेलेला भाऊ मामाकडे कसा, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. “मैंने ऐसा नहीं कहा,” ती म्हणाली. तेही मी सांगितलं. ती खोटं बोलते असं ठरवून तिचा व्हिसा नाकारला गेला.

तुम्ही तालुक्याच्या कोर्टात साक्षी टाइप करायचात. शेजारच्या काकूंचा निरोप मी आईला स्वतःची भर घालून सांगितला, तो दिवस आठवतो. स्वयंपाकघरात तुम्ही ताट बाजूला सारता आणि म्हणता, “ऐकलं तेवढंच सांग. अडलं तर परत जाऊन विचार.” मी रडत जिना उतरतेय, तोंडात घास तसाच.

सुनावणीनंतर वर्षभराने त्या बाईच्या वकीलबाईंचा फोन आला. प्रकरण न्यायालयात गेलं होतं. त्यांनी समजावलं की ती खरं बोलते की खोटं, हे न्यायाधीश बघणार नाहीत, व्हिसाही देणार नाहीत; तिचं म्हणणं नीट ऐकलं गेलं का, एवढंच तपासतील. रेकॉर्डिंग ऐकून मी प्रतिज्ञापत्र द्यावं, अशी त्यांची विनंती होती. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. मुलगी इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, “जस्ट टेल देम लाह, आई.” ह्यांना बोटीवर फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकून प्रतिज्ञापत्र दिलं, चूक माझी होती म्हणून.

निर्णय रद्द झाला. तिची सुनावणी आता नव्याने होईल, दुभाषी दुसरा असेल. पुढे काय होईल ते मला कोणी कळवणार नाही. वकीलबाईंनी प्रामाणिकपणाबद्दल माझे आभार मानले, म्हणून तर हे लिहायला बसले. वाचायला तुम्ही नाही, आणि दुसऱ्या कोणाला दाखवायची माझी हिंमत नाही.

चूक रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आली, असं मी प्रतिज्ञापत्रात लिहिलंय. तसं नाही, अण्णा. “मैंने ऐसा नहीं कहा” असं ती म्हणाली, तेव्हाच मला कळलं होतं.