अढळ किट आणि मागची खोली

३ ऑक्टोबर, सकाळी ११ (माझी पहाट)
आजपासून नवं आयुष्य. ड्रमचा क्लास, ट्रकचं लायसन्स, मधमाश्या, सगळं करून बघितलं. माझ्या लायकीचं काहीच नव्हतं. आता ब्लॉकचेन. सगळं जग स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहितंय, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच पाळतो तो करार. एकदा चढवला की कुणाच्या बापाला बदलता येत नाही. पण मी करार लिहिणार नाही. ते लिहिणाऱ्यांना लागणारी हत्यारांची पेटी बनवणार. टूलकिट! महिनाभरात. कॉलेज सोडलं ते बरं झालं, डोकं कोरं राहिलंय.

४ ऑक्टोबर
नाव ठरवण्यात दिवस गेला. अढळ. ताईला सांगितलं. ती म्हणाली, हे नाव तू ठेवतोयस? तू? मग भांडी घासताना मधूनमधून हसत होती. भांड्यांत हसण्यासारखं काय असतं कोण जाणे.

७ ऑक्टोबर
लोगो झाला. कोड उद्या.

८ ऑक्टोबर
लोगो बदलला.

९ ऑक्टोबर
ताई खोलीत आली आणि उभ्याउभ्याच बोलली. भाऊजींच्या आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्या एक तारखेला इथे येणार. जिना चढायचा नाही, म्हणून ही मागची खोली एकतीसपर्यंत रिकामी हवी. मी म्हटलं, अगं, मी काय कायमचा आलोय का? ती म्हणाली, दोन आठवड्यांसाठी आला होतास राजा, दीड वर्ष झालं.
वेळेचं इतकं मनावर घेणं बरं नाही. पण ठीक आहे. तोवर अढळ जगभर गेलेलं असेल.

१५ ऑक्टोबर
कोड सुरू. किटचे तीन भाग: करारांचे तयार साचे, टेस्टिंग, आणि करार चढवायचं बटण. बटण आधी केलं. हिरवं, मोठं, दाबलं की टुंग वाजतं. दुपार टुंग करण्यात गेली. टेस्टिंग शेवटी. चुकणारच नाही ते तपासायचं कशाला?
चष्मिषला हे सांगितलं. शाळेपासूनचा मित्र, रीतसर नोकरी करणारा प्रोग्रामर. म्हणाला, बाबा रे, आधी टेस्टिंग कर, तुझ्या पाया पडतो. जळतो.

२० ऑक्टोबर
भाऊजी बस चालवतात, घरी फार बोलत नाहीत. आज बोलले. तुझ्या तोंडी शब्दावर माझा भरवसा नाही, खोली सोडतोस ते लिहून दे, म्हणाले.
अपमान गिळला, कारण कल्पनाच अशी सुचली! लिहून कशाला, चढवूनच देतो. एकतीसपर्यंत खोली माझी, पुढे ताईची. अढळवरचा पहिला करार! भाऊजींनी चष्मा लावून फोनवर ‘मान्य’ दाबलं. टुंग. झालं का, विचारलं त्यांनी. म्हटलं, झालं, आता देव आला तरी बदलत नाही.

२४ ऑक्टोबर
चष्मिषला करार दाखवला. हसताना त्याच्या नाकातून कॉफी आली. ब्लॉकचेन म्हणे १९७० सालापासूनची वेळ सेकंदांत मोजतं आणि माझ्या साच्यातली तारीख मिलिसेकंदांत जाते. म्हणजे आकडा हजारपट. माझा खोलीवरचा हक्क संपणार पंचावन्न हजार वर्षांनी. म्हणाला, एक टेस्ट, गाढवा, फक्त एक टेस्ट!
आधी घाम फुटला. मग लख्ख उजेड पडला. खोली माझी आहे!

२४ ऑक्टोबर, जेवणानंतर
घरच्यांना समजावून सांगितलं. मलाही वाईट वाटतंय, पण तंत्रज्ञानापुढे नातं बघून चालत नाही. ताईने चमचा आपटला. मग आईंना कुठे ठेवू, कपाटावर? मी विकेंद्रीकरण म्हणजे काय ते सांगायला घेतलं. भाऊजींनी एवढंच विचारलं, म्हणजे करार बदलता येतच नाही? म्हटलं, नाही भाऊजी. बरं, म्हणाले, आणि आणखी सूप वाढून घेतलं.
पटलं त्यांना. शिकलेल्या माणसांपेक्षा हीच माणसं लवकर समजून घेतात.

२९ ऑक्टोबर
ताईने माझ्या दाराशी रिकामे खोके आणून ठेवलेत. आईंच्या सामानासाठी असतील. ठेवणार कुठे बिचारी?

१ नोव्हेंबर, दुपारी
डेव्हलपर लोकांच्या बैठकीत अढळ सादर केलं. हॉलमध्ये चौघे. दोघे वाय-फायसाठी बसलेले, एक खुर्च्या उचलायला आलेला. चौथ्याने विचारलं, हे कुणी वापरतं का? म्हटलं, सध्या एक कुटुंब. समाधानी आहे.

१ नोव्हेंबर, संध्याकाळी
मागच्या गल्लीतल्या माझ्या दाराला किल्ली लागेना. पायरीवर खोके. त्यांत लॅपटॉप, कपडे, ड्रमच्या काठ्या, मधमाश्यांची जाळी. खिडकी ठोठावली, फोनवर करार उघडून काचेला लावला. ताईने तो नीट वाचला. वाचला हं, मान्य करायला हवं. म्हणाली, बरोबर आहे रे तुझं. करार बदलता येत नाही. म्हणून कुलूप बदललं.
आतून आईंचा आवाज आला, कोण आहे गं?
ताई म्हणाली, कोणी नाही आई, पंचावन्न हजार वर्षांचा पाहुणा.
मग खिडकीतून माझा स्वेटर बाहेर आला. माया आहे तिची.

२ नोव्हेंबर
मुक्काम चष्मिषचं स्वयंपाकघर, फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये. तात्पुरता. अढळची पुढची आवृत्ती इथेच होणार. कुलपाचा प्रश्न मुळातूनच सोडवायला हवा.
त्याने विचारलं, किती दिवस? म्हटलं, दोन, फार तर.
त्याने माझाच लॅपटॉप ओढला, अढळ उघडलं, साच्यातली ती ओळ दुरुस्त केली, एक टेस्ट लिहिली, चालवली. मग दोन दिवस सेकंदांत घातले आणि फोन माझ्यापुढे धरला. ‘मान्य’ दाब, म्हणाला.
टुंग.
टूलकिट चोख चालतंय. पहिल्यांदाच.