पुण्याची मोटर

३ जाने., सोम.
दुसरी मोटरही जळाली. चार मिनिटं चालली, दोन दगड चढली, तिसऱ्यावर अडली आणि टूलरूमभर वार्निशचा वास. देशमुख साहेब मॅनेजर (यापुढे दे. सा., रोज एवढं लिहायला मी त्यांचा नोकर कारखान्यातच) सगळ्यांदेखत म्हणाले, "गिअरबॉक्स बनवतो आपण, अन् आपलीच गाडी ढेकळावर बसती? वीस तारखेला पाहुणे येनारेत."
खेळणं आहे ते. हातभर लांब, रेडिओवर चालणारं. मालकांच्या मुलाने परदेशातून रेडिओ आणला आणि आम्हाला दगडावर चढणारी गाडी बनवायला बसवलं. पण गिअर मी कापले, मीच बसवले. दातांत केसाएवढा खेळ नाही, फट नाही. दोष मोटरचा. मोटर भरतो, म्हणजे तिच्यात तांब्याची तार गुंडाळतो, तो मिलिंद.

५ जाने., बुध.
मिलिंदने तिसरी मोटर भरून आणली. शेवटच्या वेढ्यावर लाल धागा बांधलेला, ती त्याची सवय. ठेवून जावं ना? न विचारता गाडीत वाकला, गिअर बोटाने फिरवून पाहिला.
"भाऊ, लई घट्ट बसवलंय. दातांमधी कागदाचा कपटा धरून बसवा, मंग कपटा काढून घ्या. तेवढी जागा लागती. गरम झालं की फुगतंय ते."
बारा वर्षं मी टूलरूममध्ये घासली, आता तार गुंडाळणारा वाइंडर मला गिअर शिकवणार. म्हटलं, तू तुझी तार बघ. गेला. चिडलासुद्धा नाही, त्याचाच जास्त राग आला. त्याची मोटर लावलीच नाही. दे. सा.ना सांगून पुण्याहून नवी मागवली.
दिवाळीपर्यंत आम्ही एका बाकावर डबा खायचो. विद्यापीठाच्या नामांतराचं तापलं, तेव्हापासून तो तिकडे, मी इकडे. आधी कोण उठलं आठवत नाही. मीच असेन.

८ जाने., शनि.
दे. सा.नी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. म्हणजे काम होतं. मिलिंदचे सहा महिने महिनाअखेर भरतात, मग त्याला कायम करावं लागेल. "त्यानं दोन मोटरी जाळल्या, एवढ्या कागदावर तुझी सही पायजे. बाकी मी बघतो." मग आवाज उतरवून, "नावावरून ह्ये लोक लई चढून बसायलेत. आपल्यातला हायेस म्हणून सांगतो."
हो म्हणालो. मिलिंदच्या बायकोला सातवा महिना आहे, हे मला माहीत असून.

९ जाने., रवि.
गावी, पाचोडला जाऊन आलो. पारावर अण्णा, आमचे वडील, नामांतराविरुद्ध तावातावाने बोलत होते. आमच्या घरातलं कुणी त्या विद्यापीठाची पायरी चढलेलं नाही. आपलं काय जाणार आहे, असं त्यांना विचारायचं होतं. विचारलं नाही. परतीच्या एसटीत उभ्याने आलो.

११ जाने., मंगळ.
पुण्याची मोटर लावली. दोन मिनिटांत हात लावू देईना. जळायच्या आत बंद केली. कुणी पाहिलं नाही.
म्हणजे…

१२ जाने., बुध.
सगळे चहाला गेल्यावर खिशात सापडलं ते पाचोडचं तिकीट फाडलं, कपटा दातांमध्ये धरला, स्क्रू आवळले, कपटा ओढून काढला. मग पुण्याची नाही, मिलिंदची तिसरी मोटर लावली. वीस मिनिटं चालवली. कोमट.
पुण्याची ड्रॉवरमध्ये, कापडाखाली. इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती, आणि तीही एका वाइंडरपुढे. हे वाक्य खोडणार होतो. असू दे. असाच आहे मी.

१५ जाने., शनि.
काल विद्यापीठाला नाव दिलं. नामांतर नाही, नामविस्तार म्हणे. काल कारखाना बंद, आज निम्मे लोक. मिलिंद धुतलेला शर्ट घालून आला, सगळ्यांना तिळगूळ देत फिरला. दे. सा. केबिनमधून बाहेर आले नाहीत. माझ्यासमोर मिलिंद नुसतं "घ्या भाऊ" म्हणाला, गोड बोला वगैरे नाही. मोटरचं सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर तार संपली का. आहे म्हणाला.

२० जाने., गुरु.
गाडी सातही दगड चढली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दे. सा. मालकांना मोठ्याने, "पुण्याची मोटर हाय साहेब. आपल्या मानसानं भरलेल्या दोन जळाल्या."
गाडीचं झाकण उघडं होतं. मिलिंद मागून पुढे आला, वाकला, लाल धागा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबला. मी रेडिओच्या एरियलची तार गुंडाळत बसलो.
घरी बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सही केली तर मला सांगू नका." पोळ्या लाटत राहिली.

२२ जाने., शनि.
टाइप केलेला कागद आला. मिलिंदच्या चुकीने मोटरी जळाल्या, खाली माझं नाव. सही सोमवारी दहापर्यंत.
जेवणाच्या सुट्टीत मिलिंद माझ्या बाकावर येऊन बसला. बाकीचे बघायला लागले. कागदाचं त्याला कळलंय, टायपिस्ट त्याच्या गल्लीतला. डबा उघडला, शेवटचा घास संपवला. मग म्हणाला, "कपटा कशाचा घातला, भाऊ?"
"एसटीच्या तिकिटाचा."
"मंग तसं लिवा," म्हणाला, आणि डबा धुवायला गेला.
कागद खिशात आहे. माझ्या नावाच्या वर चार बोटं जागा कोरी आहे.