हरभऱ्यांची रांग

वाई, चैत्रातला शुक्रवार, १९७४

झालं एकदाचं हळदीकुंकू. पुढच्या वर्षी करणार नाही. गौर रागावली तर रागावू दे.

माझी नली आता नऊ वर्षांची. ओटीसाठी भिजवलेले हरभरे घेऊन तिनं उंबऱ्यापासून गौरीपर्यंत रांग लावली होती. एकेक हरभरा, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. रोज खडे लावते, आज हरभरे. बायका रांग ओलांडून आत आल्या. बोलल्या त्या फक्त माझ्या मोठ्या जाऊबाई. "अगं, बाहेरचं काहीतरी असणार. घाटावरच्या गुरुजींकडून गंडा बांधून घे." गेल्या वर्षीचा गंडा नलीनं चावून चावून तोडला, ते जाऊबाईंना कशाला सांगू? मग त्यांनी पायानं रांग विस्कटली. मुद्दाम. मी पाहिलं.

नली किंचाळली, भिंतीवर डोकं आपटायला, हात झाडायला लागली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मी काय केलं? जाऊबाईंच्या हातात पन्ह्याचा पेला दिला आणि नलीच्या मनगटावर फाडकन चापट मारली. "हात आवर!" म्हणाले. तिचा हात तिच्या ताब्यात नसतो, हे मला ठाऊक आहे. माझा तर होता ना?

आता सगळ्या गेल्या. दिवेलागण झाली. नली पुन्हा रांग लावते आहे. एक हरभरा ठेवते आणि स्वतःच्या मनगटावर चापट मारते. फाडकन, अगदी माझ्यासारखी. मग पुढचा हरभरा.

गौर अजून खूप लांब आहे.