आईच्या पेटीतले कपडे

लँकेस्टर, गुरुवार

गिडियन,

काल आईला पुरलं.

गेल्या शरदात मी मका कापायला गेलो असताना तू आलास आणि तिची रंगवलेली पेटी घेऊन गेलास. "माझ्याच घरी ठेवतो," असं तिला सांगून. आपला साध्या राहणीचा पंथ सोडलास, जुन्या वस्तूंचा धंदा मांडलास, तेव्हाही मी बोललो नव्हतो.

आपल्याकडे बाई लग्नातला पांढरा एप्रन पुरताना अंगावर असावा म्हणून जपून ठेवते, हे तुला ठाऊक होतं. आईचा त्याच पेटीत होता. ती आजारी पडल्यावर मी मागायला आलो, तर तू म्हणालास, "दादा, गिऱ्हाइकाला पेटी आतल्या कपड्यांसकटच हवी होती. त्यानं सगळं काचेमागे मांडलंय. बघून ये, छान दिसतंय!"

आई रोज विचारायची, "गिडियन निघाला का रे माझे कपडे घेऊन?"

"वाटेत आहे," मी म्हणायचो.

शेवटी माझ्या सलोमीनं स्वतःच्या लग्नातला एप्रन पेटीतून काढला. "सासूबाईंना हाच घालू."

"आणि तुझ्या वेळी?"

"शिवेल कुणीतरी. मला काय पुन्हा लग्नाला उभं राहायचंय?"

ती हसली. मला हसता आलं नाही.

थडग्यापाशी बिशपनी विचारलं, "एनॉस, भावाला क्षमा केलीस ना?" सगळ्यांसमोर मी हो म्हणालो. म्हणून हे पत्र टपालात टाकता येत नाही.

आईशी खोटं बोललो, देवासमोर खोटं बोललो. दोन्ही वेळा तुझ्यासाठी.

तुझा थोरला भाऊ,
एनॉस