गोविंदरावांचा दगड

गुरुवार, अंबत्तूर

शेजारचे गोविंदराव संध्याकाळी दगड घेऊन आले. काळा, नारळाएवढा, तळ्याकाठी फिरताना सापडलेला. "बाई, तुम्ही कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकलात. आकाशातून पडलाय का, सांगा. लोहचुंबक चिकटतं याला."

खिडकीपाशी नेऊन पाहिला. सगळीकडे बारीक छिद्रं. उल्कापाषाणात अशी बुडबुड्यांची छिद्रं जवळजवळ कधीच नसतात. ही भट्टीतली मळी, लोखंड वितळवताना वर येते ती. इथे कारखाने काय कमी आहेत? सांगून टाकलं. फार चटकन सांगितलं का? पण खोटं कशाला बोलायचं?

ते शांतपणे म्हणाले, "छिद्रं मीही पाहिली होती. पण सुरेशला फोटो पाठवल्यापासून त्याचा रोज फोन येतो. एरवी सणालाच यायचा. आता विचारतो, अप्पा, आज काय कळलं?"

सुरेश त्यांचा एकुलता मुलगा, परदेशात. गोविंदराव घरात एकटेच.

मी दगड पुन्हा त्यांच्या हातात दिला. मग म्हटलं, "माझं मत म्हणजे पुरावा नव्हे. फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासून रेघ कोणत्या रंगाची उमटते ते बघा. हवेत आणि पाण्यात वजन करा, घनतेचं गणित सुरेशला करू द्या."

"सरि, बरं, आजच करतो."

"एका दिवशी एकच चाचणी," मी दटावलं.

ती छिद्रं अजून डोळ्यांसमोर आहेत. भिंग घेऊन ती मोजायला सांगायचं राहिलं. त्यात सहज आठवडा जाईल.