पितृपक्षात अडवून ठेवलेलं नाव

१० सप्टें., बुध.

काल दुपारी मृणालला मुलगी झाली. सुखरूप. पावणेसात पौंड, म्हणजे तीन किलोच्या थोडी वर, असं संदीपने हिशेब करून सांगितलं. नाक आमच्याकडचं वाटतं. बोललो नाही. सून म्हणायची, आल्या आल्या वाटणी सुरू.

रविवारी पौर्णिमा झाली, पितृपक्ष लागला आणि लगेच हे. आपल्या हातात नसतं. तरी मनाला लागून राहिलं आहे.

आज हॉस्पिटलात एक बाई कागद घेऊन आली. बाळाचं नाव सांगा म्हणाली. संदीप म्हणाला, आमच्यात बाराव्या दिवशी ठेवतात. तिने चांगुलपणाने ऐकून घेतलं. म्हणाली, मग ठरलं की लिहून, दोघांनी सही करून पोस्टाने पाठवा, पण आठवड्याच्या आत. नाहीतर जन्म नावाशिवायच नोंदला जाईल. खाली नियम छापले होते ते सं.ने मला वाचून दाखवले. इंग्रजीची सव्वीस अक्षरंच चालतात. आकडा नको, चिन्ह नको, अर्वाच्य शब्द नको.

मी विचारलं, "आणि आजीचं नाव ठेवायला कायद्याची हरकत आहे का?"

सं. हसला. "कायद्याची नाही बाबा. मृणालची आहे."

मृ. डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती. तिने ऐकलं.

१२ सप्टें., शुक्र.

पोरीला घरी आणलं. तांदूळ-पाणी ओवाळून टाकायला मीच दारात. कुसुम असती तर... चार वर्षं झाली तिला जाऊन.

संध्याकाळी नागपूरला फोन, तिकडे सकाळ. मृ.चे वडील अण्णा चहा पीत बसलेले. हेडमास्तर होते, बोलणं अजून वर्गात उभं राहून बोलल्यासारखं.

"काय म्हणता व्याही? जमलं का तुम्हाला ते अमेरिकेतलं पिस्कॅटवे?"

"जमलं."

"नाव ठरवलंय मी. मीरा. गोऱ्याच्या तोंडी बसते, आपल्याही तोंडी बसते. तुम्हाला काही सुचलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही हो, तुम्ही शिकलेले. तुम्ही ठेवाल ते चांगलंच."

मृ.ने टाळ्या पिटल्या. बारशाची वाटच पाहिली नाही. दोघांनी लगेच कागदावर नाव लिहिलं, सह्या केल्या, पाकीट चिकटवलं. सं. म्हणाला, "बाबा, उद्या वॉकला जाल तेव्हा कोपऱ्यावरच्या निळ्या पेटीत टाकाल? तिकीट लावलंय."

म्हणालो टाकतो.

१३ सप्टें., शनि.

टाकलं नाही.

पेटीपर्यंत गेलो होतो. झाकण उघडलं, पाकीट हातात. मग वाटलं, आज सप्तमी, पितृपक्षाची. पोरीचं नाव आयुष्यात पहिल्यांदा सरकारदरबारी जाणार ते या दिवसांत? आमच्याकडे या पंधरवड्यात कुणी नवीन सदराही अंगात घालत नाही. घटस्थापना २२ला आहे. नऊ दिवसांचा प्रश्न. सरकारी मुदत म्हणजे काय असते ते एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं पाहिलं आहे. आठवडा म्हणतात, महिना चालतो.

पाकीट बॅगेत, धोतराच्या घडीत.

१५ सप्टें., सोम.

अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी, म्हणजे कुसुमची. पण पोरीच्या जन्माचं सोयर आहे, काही करता येत नाही. अमावास्येला करू. दिवसभर कशात लक्ष नव्हतं. मृ.ने आठवणीने विचारलं, "बाबा, आज आईंची नवमी ना? साधी खीर तरी करू का?" म्हणालो, सोयरात चालत नाही. जरा तोडूनच बोललो. तिच्या अंगात अजून उभं राहायची ताकद नाही.

जेवताना सं. — "बाबा, ते पाकीट टाकलं ना?"

"टाकलं की."

तोंडातून गेलं. घास हातात होता.

२१ सप्टें., रवि.

सर्वपित्री. मीच भात-वरण, भजी, खीर केली. पान घरामागच्या लाकडी डेकवर, कठड्यावर ठेवलं. कावळा आला नाही, खार आली. भजं घेऊन पळाली. सं. म्हणाला, "आईला खारी आवडायच्याच." हसू आलं आणि रडूही.

२२ सप्टें., सोम.

घट बसवले. परडी मिळाली नाही म्हणून ॲल्युमिनियमच्या पसरट डब्यात माती, सात धान्यं. सकाळी नऊला पाकीट पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला. सुटलो. पोरगी चौदा दिवसांची.

२८ सप्टें., रवि.

बारसं. बाराव्या दिवशी पितृपक्ष होता म्हणून आज. घरातच, वीसेक माणसं. सं.ची बहीण, पोरीची आत्या, सोलापूरहून स्क्रीनवर. तिने तिकडून कानात सांगितल्यासारखं केलं आणि सं.ने फोन पाळण्यात धरला. आत्याच्या वाटचे धपाटे जमलेल्या पोरींनी सं.च्या पाठीत घातले. नाव मीरा.

अण्णाही स्क्रीनवर होते. नवा कुर्ता. म्हणाले, "दिवाळीनंतर व्याही, तुम्ही नातीला घेऊन इकडे या. मी हिला माझी शाळा दाखवतो." चष्मा काढून पुसत होते.

मला बरं वाटलं. सगळं मार्गी लागलं असं वाटलं.

४ ऑक्टो., शनि.

परवा दसरा झाला. काल नागपूरला अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. माणसं ओळखतात. मृ.चा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तुझं नाव घेतलं की डोळे भरतात त्यांचे. बाळाला घेऊन ये."

मृ. उठली, कपाटातून बॅग काढली. सं. म्हणाला, थांब, बाळाचा पासपोर्ट. जन्मदाखला आला की तातडीच्या रांगेत लावू, मग भारताचा व्हिसा. आठवड्यात होईल.

दाखला आजच्याच टपालात आला. मी खाली होतो, मीच आणून दिला.

सं.ने उघडला. मग माझ्यापुढे धरला. आडनाव आहे. आईबापाची नावं आहेत. बाळाचं नाव — नुसती रेघ.

६ ऑक्टो., सोम.

आज कोजागिरी. कुणाला दुधाचं सुचलं नाही.

सकाळपासून सं. फोनवर. नाव नसलेल्या दाखल्यावर पासपोर्ट होत नाही. आधी नाव घालायचा वेगळा अर्ज, त्यावर पुन्हा दोघांच्या सह्या, मग नवीन दाखला, मग पासपोर्ट. किती दिवस? सांगता येत नाही.

मृ. त्याच्यावर चिडली. "एक एन्व्हलप! एक एन्व्हलप पाठवायचं होतं यार, संदीप!"

"पाठवलं होतं ना! बाबांनी दुसऱ्या दिवशी टाकलं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगी माझ्या मांडीवर.

मृ. — "बाबा, तेराव्या तारखेलाच टाकलं होतं ना? शनिवारी?"

तेव्हा बोलायचं होतं. अगदी तेव्हा.

"हो. शनिवारीच."

"बघ," सं. म्हणाला. "हॉस्पिटलचीच चूक आहे. सोडणार नाही मी त्या बाईला."

८ ऑक्टो., बुध.

सं.ने त्या बाईच्या साहेबांकडे लेखी तक्रार केली. कागद घेऊन आलेली ती बाई. तिने मला बसायला खुर्ची ओढून दिली होती.

शेजारच्या अंगणात थडगी आणि सांगाडे मांडलेत, त्यांचा भुतांचा सण येतोय. हाडाचा हात वर करून एक जण फाटकाशी बसवला आहे. येता-जाता मान खाली घालतो.

९ ऑक्टो., गुरु.

दुपारी सं. ऑफिसात. मी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होतो. मृ.ला त्याच बाईचा फोन आला. मृ. पोरीला पाजत होती म्हणून फोन स्पीकरवर. माझं इंग्रजी दुकानाच्या पाट्यांपुरतं, पण तारखा कळतात. बाई म्हणत होती पाकीट सापडलं, उशिरा आलं. पोस्टाचा शिक्का, सप्टेंबर ट्वेंटी-सेकंड. दोनदा म्हणाली.

मृ. म्हणाली, "थँक्यू. आय ॲम सॉरी." तक्रार मागे घेतो, असं काहीतरीही म्हणाली.

फोन ठेवला. मी वर पाहिलं नाही.  पोरीला खांद्यावर घेऊन ढेकर काढत राहिली. मग आली, माझ्यापुढचं वाटाण्याचं ताट ओढून घेतलं आणि उरलेले सोलायला बसली.

ओरडली असती तर बरं झालं असतं.

११ ऑक्टो., शनि.

देवळात गेलो, सं.ने गाडीने सोडलं. गुरुजींना बाजूला घेऊन विचारलं, पितृपक्षात बाळाचं नाव नोंदवलं तर दोष लागतो का?

गुरुजी तरुण आहेत, कोल्हापूरचे. म्हणाले, "काका, बारसं ठरल्या दिवशी करायचं कर्म आहे. त्याला पितृपक्ष आडवा येत नाही. आणि पोस्टाला कसला आलाय दोष?" वर हसले. "का हो, कुणी अडवलं?"

म्हणालो, असंच, एक ओळखीचे आहेत.

घरी येऊन बसलो आणि स्वतःशी खरं काय ते काढलं. पितृपक्षाचं कारण खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं. त्या पाकिटात अण्णांनी ठेवलेलं नाव होतं. कुसुमचं असतं तर मी पौर्णिमा-अमावास्या न बघता पळत जाऊन टाकलं असतं. ते हेडमास्तर, मी सातवी नापास. त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला काही सुचलं का. मीच नाही म्हणालो. आणि मग दुसऱ्या दिवशी पेटीपाशी उभं राहून तिथीचा आधार घेतला.

हे लिहितानाही हात थांबतो. कोण वाचणार आहे. तरी.

१४ ऑक्टो., मंगळ.

नावाचा अर्ज मंजूर झाला. नवीन दाखला या आठवड्यात. सं. म्हणतो, "चला, निघालं एकदाचं." मृ.ने त्याला शिक्क्याचं सांगितलेलं नाही. त्याला वाटतं हॉस्पिटलने चूक कबूल केली.

ती मला जेवायला वाढते. "बाबा, अजून एक पोळी?" आवाज तसाच. पोरीला माझ्याकडे आधीसारखी देते. हेच सोसत नाही.

१७ ऑक्टो., शुक्र.

वसुबारस. दाखला आला. इंग्रजीत मीरा. मी बोट लावून पाहिलं.

नागपूरचा फोन. अण्णांच्या छातीत पाणी झालं. नळी घातली आहे.

१८ ऑक्टो., शनि.

आज धीर केला. मृ. गॅलरीत कपडे घड्या करत होती. जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "ते पाकीट—"

"माहीत आहे मला, बाबा."

"माझ्याकडून..."

"का, ते नका सांगू. आत्ता नका. मला ऐकलं तर राग येईल, आणि मला आत्ता रागवायला वेळ नाहीये." टॉवेलची घडी चुकली, परत घातली. "संदीपला मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

"अण्णांना—"

"बाबा. प्लीज."

आत आलो.

२० ऑक्टो., सोम.

दिवाळीची पहिली अंघोळ. सं.ने आकाशकंदील लावला, नातीची पहिली दिवाळी म्हणून. मग तिघं पासपोर्टच्या कचेरीत. पोरीचा फोटो काढताना डोळे उघडे हवे होते, ती मिटून घ्यायची. सं. सांगताना हसत होता. संध्याकाळी पासपोर्ट हातात. व्हिसा बाकी.

२३ ऑक्टो., गुरु.

भाऊबीज. मृ.ने भावाला फोनवरच ओवाळलं. भाऊ म्हणाला, "ताई, कालपासून अण्णांनी डोळे उघडले नाहीत. मागच्या आठवड्यापर्यंत दाराकडे बघायचे."

मागच्या आठवड्यापर्यंत. मी मनात दिवस मोजले. दाखला पहिल्यांदाच नीट आला असता तर ती दहा-बारा तारखेला नागपुरात असती.

व्हिसा संध्याकाळी आला.

२५ ऑक्टो., शनि.

सकाळी मृ.ला आणि पोरीला विमानतळावर सोडलं. उद्या रात्रीपर्यंत नागपूर. अण्णांचं कालच्यासारखंच, एवढंच कळलं.

आत जाताना ती वाकली, पाया पडली. मी मागे सरलो. म्हणालो, "नको पोरी." ती म्हणाली, "राहू द्या बाबा, लोक बघतायत." पोरीला क्षणभर माझ्याकडे दिलं. मी तिला नावाने हाक मारली. आजवर 'छकुली'च म्हणत होतो, नाव तोंडात येत नव्हतं. तिचे डोळे माझ्या चष्म्यावर होते.

परत येताना गाडीत सं. आणि मी. तासाभराचा रस्ता. झाडं लाल-पिवळी. सं. म्हणाला, "अण्णा भेटतील ना हो तिला?"  मग तोच म्हणाला, "त्या हॉस्पिटलवाल्यांमुळे गेले हे दिवस. मी कधी विसरणार नाही."

म्हणालो, "संदीप."

"काय?"

"गाडी चालवताना नको. घरी गेल्यावर बोलतो."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "तब्येत ठीक आहे ना तुमची?"

"ठीक आहे."

घरी येऊन तास झाला. तो खाली भांडी घासतो आहे. दोनदा हाक मारली त्याने, बाबा, चहा ठेवू का? मी म्हणालो, आलोच, एवढं लिहून होऊ दे.

लिहून झालं.