न उघडलेला अर्ज

१८ फेब्रुवारी

वेळापत्रक आलं! शेवटचा पेपर, अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा. सात मार्च, सकाळी अकरा, रत्नागिरी. एम.ए.चा एवढा एकच राहिलाय आणि नोंदणी यंदा संपते. हा गेला की सगळं पाण्यात.

आणि सात मार्चलाच, अकरालाच, आमच्या दारी शिमग्याची पालखी. लग्नानंतरचा पहिला शिमगा — देवीची ओटी नव्या सुनेनंच भरायची. माझंच मेलं नशीब!

१९ फेब्रुवारी

नवऱ्याचा, नितेशचा, जहाजावरून फोन. "आबांच्या मनानं घे. मी मे महिन्यात आलो की बघू." मे महिन्यात काय बघणार? माझं तोंड?

२१ फेब्रुवारी

आबांना, म्हणजे सासऱ्यांना, धीर करून विचारलं. पालखी संध्याकाळी पाचला नाही का आणता येणार? "ते गावकी ठरवते. बैठकीत बायका येत नाहीत." मग अर्ज देऊ? हसले. "दे. नेतो मी."

तीनदा लिहून काढला. 'कृपा करून', 'आपली नम्र' — स्वतःचाच राग आला. ओटी मलाही भरायचीच आहे, फक्त पाच वाजता. पाकीट डिंकानं चिकटवून दिलं.

अभ्यासात आज नेमकं तेच! वसाहतीतले लोक कराला वैतागलेले, चहा समुद्रात फेकून झालेला, गोळ्या झाडून झालेल्या, तरी १७७५ साली राजाला अर्ज करतात: आम्ही आपली निष्ठावंत प्रजा. काय बावळट माणसं, म्हटलं. मग माझं पाकीट आठवलं.

२४ फेब्रुवारी

बैठक झाली. चपला काढता काढता आबा म्हणाले, "नाय म्हणाले सगळे." संपलं.

सासूबाई भात वाढत होत्या. "देवाचं आधी," म्हणाल्या. अमेरिकेतल्या राजनिष्ठांच्याही वरताण ही बाई! आबांशी वर मान करून बोलताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

न्हाणीघरात नळ सोडून रडले. या घरात रडायला दुसरी जागा नाही.

१ मार्च

पुस्तक उघडलं नाही. कशाला उघडू?

४ मार्च

आबांचा सदरा धुवायला घेतला. खिशात माझं पाकीट! डिंक जसाच्या तसा. कुणी उघडलंच नव्हतं.

तशीच पाखाडीच्या पायऱ्या उतरले नि पालखीच्या मानकऱ्यांना, रावजीकाकांना गाठलं. ते गोंधळले. "कसला अर्ज गो? पाचाला हवी होती तर पाचाला आणली असती. गेल्या साली गौरवची गाडी चुकली, तर त्याच्याकडे नाय का सातला नेली?" मग आता आणा की! मान हलवली. "आता हरिश्चंद्राला, तुझ्या सासऱ्याला, विचारल्याबिगर कसं बदलू?"

म्हणजे देवी आड आली नव्हती. गावही नाही. एकटे आबा! आणि वाट पुन्हा त्यांच्याच दारात.

इंग्लंडच्या राजानंही तो अर्ज हातात घेतला नव्हता. मला पाठ होतं हे. अंगाला आज लागलं.

५ मार्च

जेवताना पाकीट आबांच्या ताटाशेजारी ठेवलं. "मी पेपरला जाणार. पालखी पाचला आणा, नाहीतर ओटी आईंना भरू दे." आबा पाकिटाकडे बघेनात. "गेलीस तर परत उंबरा चढू नको."

सासूबाई आमटी वाढत राहिल्या.

७ मार्च

साडेआठची एसटी. पिशवीत तीन साड्या आणि हॉल तिकीट. पूर्णगडच्या थांब्यावर उभी असताना ढोल ऐकू येत होते. देवीची माफी मागितली — फक्त तिची.

प्रश्न आला: वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर करायला इतका वेळ का लावला? सात पानं लिहिली. संध्याकाळी थेट लांजा, कॉलेजची मैत्रीण तेजस्वी, तिच्या खोलीवर.

१५ मार्च

तेजस्वीच्या क्लासमध्ये नववीला इतिहास शिकवते. नितेशचा मेसेज: "आबांची माफी माग, विषय मिटव." उत्तर दिलं नाही. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. छे! फोन वाजला की अजून आधी पदर सावरते. त्या घराची सवय अंगातून जात नाही.

२२ मार्च

सकाळी दार वाजलं. सासूबाई! एकट्या. काखेत कपड्यांचं बोचकं. मी म्हटलं, आबांनी न्यायला पाठवलं का? आत येऊन बसल्या. तांब्याभर पाणी प्यायल्या.

"त्यांना सांगितलंच नाय गो. इथं माझी पथारी मावेल?"